माडाचे आळे आणि त्यातील उपकारक सूक्ष्मजंतू
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी या व्याख्यानाविषयी मला विचारले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी शेतकी खात्यातला नव्हे, की एखाद्या विद्यापीठातला संशोधकही नव्हे. मुंबईच्या एका शाळेत चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला आणि त्यानंतर वडिलार्जित वाडीत जाऊन राहिलेला मी एक सामान्य गृहस्थ आहे. परंतु चिटणीस म्हणाले, "तुम्ही कुठे चुकलात तेवढेच सांगा, लोकांना तेच उपयोगी पडेल." हे आमंत्रण मला नाकारता आले नाही, कारण त्या बाबतीतला माझा अनुभव खरोखरच दांडगा आहे.

येथे जमलेल्या बहुतेक कुटुंबांची स्थिती थोडीबहुत सारखीच असावी. खाडीकाठी किंवा पुळणीवर पिढीजाद वाडी, तीत पन्नास-शंभर माड, सातबाऱ्यावर दहा-बारा नावे, त्यांतील बहुतेक मुंबई-पुण्याकडे, आणि वाडीत प्रत्यक्ष राहणारे एखाददुसरे वयस्क माणूस. गणपतीला सारे एकत्र जमतात आणि आरत्या आटोपल्या की एक विषय हटकून निघतो: माड उतरले, फळ धरत नाहीत, खताचा आणि पाडेल्याचा खर्चही सुटत नाही, तेव्हा वाडी विकून मोकळे व्हावे. आमच्या घरी हा विषय २०२२ च्या गणपतीत निघाला. बोलणे जवळजवळ पक्के होत आले होते. तेवढ्यात माझ्या चुलत वहिनी, ज्यांनी गेली तीस वर्षे ती वाडी एकटीने सांभाळली, माजघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "भावजी, विकायची तर विका, तुमचाही वाटा आहे. पण माड म्हातारे झाले म्हणून विकू नका. आमचे माड बाणवली, पन्नाशीचे. ते म्हातारे नाहीत, उपाशी आहेत. वाडीतून काय नेलंत आणि तिला काय दिलंत, ते आधी मोजा."

मोजण्याचे काम रसायनाच्या मास्तराकडे आले हे ओघानेच झाले. परंतु मी मान खाली घालून बसलो होतो, कारण त्याच्या आदल्या वर्षीच मी त्या माडांवर एक प्रयोग करून फसलो होतो.

तो प्रयोग असा. जमिनीतील उपकारक सूक्ष्मजंतू पाकिटात भरून खत म्हणून विकले जातात, त्यांस जीवाणू खते म्हणतात, हे मी वाचले होते. २०२१ च्या मे महिन्यात शहरातील एका दुकानातून अशी वीस पाकिटे घेतली, मोटारीच्या मागच्या कप्प्यात टाकली, आणि दिवसभराच्या उन्हातून गावी नेली. तेथे ती पत्र्याखालच्या माळ्यावर महिनाभर राहिली. पाऊस पडल्यावर गड्याने प्रथम प्रत्येक आळ्यातील झावळ्या आणि पालापाचोळा गोळा करून जाळला, कारण 'वाडी स्वच्छ दिसावी' हा माझाच हुकूम होता. आणि मग मी युरिया, सुपर फॉस्फेट व ती पाकिटे एकाच घमेल्यात कालवून माडांना वाटून दिली. फळ काय मिळाले? शून्य. मी दुकानदाराला दोष दिला, मग शास्त्राला दिला. स्वतःला द्यावयास बराच काळ लागला.

मी काय केले होते हे एका उपमेने सांगतो. समजा कोणी बाजारातून दुभती गाय आणली, तिला वाटेत उन्हात बांधली, महिनाभर चारापाणी दिले नाही, आणि मरणोन्मुख अवस्थेत ज्या गोठ्यात आणली तेथील गवताची गंजी आधीच जाळून टाकली. तर दूध न दिल्याबद्दल गायीला दोष देता येईल काय? पाकिटातील भुकटी हे खत नव्हे. ती जिवंत प्राण्यांची खिल्लारे आहेत. भुकटी हे केवळ त्यांचे वाहन.

आता ही खिल्लारे कोणती आणि ती माडासाठी काय करतात, ते थोडक्यात पाहू.

माडाच्या बुंध्याशी कधी खणून पाहिले आहे काय? मधले जाड सोटमूळ त्याला नसते. बुंध्याच्या तळातून करंगळीएवढ्या जाडीची हजारो मुळे सुटतात आणि त्यांतील बहुतेक बुंध्यापासून दोन मीटरांच्या आतच राहतात. विशेष हे की, इतर झाडांच्या मुळांना जी बारीक केशमुळे असतात, ती माडाला नसतात. मग इतक्या मोठ्या वृक्षाने मातीच्या कणाकणांत शिरून अन्न शोधावे कसे? त्याचे उत्तर एका बुरशीत आहे. ही बुरशी मुळाच्या आत शिरते, पेशींत झुडपासारख्या फांद्या फोडते, आणि बाहेर आपले अतिसूक्ष्म तंतू मुळाच्या आवाक्यापलीकडे पसरते. झाड तिला साखर देते, ती झाडाला मुख्यत्वे स्फुरद आणून देते. बुरशी आणि मुळे यांच्या अशा सहजीवनास 'मायकोरायझा' हे नाव फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दिले. माडाच्या मुळांतील प्रकार तर फारच प्राचीन. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या अश्मीभूत अवशेषांतही तो आढळला आहे. केशमुळे नसलेल्या माडाने जणू हे काम पूर्वापार मक्त्याने देऊन टाकले आहे.

दुसरे खिल्लार स्फुरद विरघळविणाऱ्या जीवाणूंचे. आपला जांभा लाल दिसतो तो लोहामुळे. आणि हे लोह व त्याच्या जोडीचे ॲल्युमिनियम स्फुरदाला असे घट्ट पकडून ठेवतात की, आपण घातलेल्या सुपर फॉस्फेटचा मोठा भाग वाडीत असूनही माडाला मिळत नाही. पेढीत पैसा आहे, पण किल्ली नाही, असा हा प्रकार. बॅसिलस मेगाटेरियमसारखे जीवाणू सेंद्रिय आम्ले स्रवून ती किल्ली फिरवितात. तिसरे खिल्लार हवेतील नत्र बांधणाऱ्यांचे. डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १९०१ मध्ये ॲझोटोबॅक्टरचे वर्णन केले. अझोस्पिरिलमही प्रथम त्यांनीच १९२५ मध्ये निराळ्या नावाने नोंदविला होता, पण तो पन्नास वर्षे दुर्लक्षितच राहिला. १९७० नंतर ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर या विदुषीने गवतांच्या मुळांपाशी त्याचे कार्य पुन्हा उजेडात आणले. माडाच्या मुळांपाशीही तो वस्तीस असतो.

इतके ऐकल्यावर कोणासही वाटेल की, मग रासायनिक खताची कटकटच संपली! काही विक्रेते तसेच सांगतात. येथेच वहिनींनी सांगितलेला हिशेब कामी येतो, आणि माझ्या मते आजच्या विषयातील खरा मुद्दा हाच आहे.

कासरगोड येथील केंद्रीय संशोधन संस्थेने पूर्ण वाढलेल्या माडासाठी वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश अशी शिफारस केलेली आहे. या तीन आकड्यांकडे नीट पाहावे. सर्वांत मोठी मागणी पालाशाची आहे. नत्राच्या दुपटीहूनही अधिक. आता सूक्ष्मजंतू यांतले काय आणू शकतात? नत्र हवेत अमाप आहे; ते काही अंशी बांधता येईल. स्फुरद जमिनीत अडकलेले आहे. ते काही अंशी सोडविता येईल. परंतु पालाश हवेत नाही, आणि आपल्या पुळणीच्या किंवा पावसाने धुतलेल्या जांभ्याच्या जमिनीत त्याचा मोठा साठाही नाही. तो कोणताही जंतू शून्यातून निर्माण करू शकत नाही. तो एक तर परत द्यावा लागतो, नाही तर विकत आणावा लागतो.

मग जातो कुठे तो? रसायनाच्या वर्गात मी मुलांना वर्षानुवर्षे जे शिकविले, ते स्वतःच्या वाडीत मला साठी उलटल्यावर उमगले. खोबऱ्यात सुमारे ६५ टक्के तेल असते. आणि तेलात नत्र नाही, स्फुरद नाही, पालाशही नाही. तेल म्हणजे कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू. म्हणजेच हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश. ज्याने केवळ तेल विकले, त्याने आपल्या जमिनीतून काहीच विकले नाही! आमच्या लहानपणी गावात बैलाचा घाणा होता. खोबरे घाण्यावर जाई, पेंड म्हशीला, म्हशीचे शेण आळ्यात, सोडणे माडाच्या बुडाशी किंवा चुलीत, आणि चुलीतील राखही पुन्हा माडालाच. मासळीचा टाकाऊ भाग आणि मूठ-दोन मूठ मीठही आळ्यात पडे. त्याला आम्ही शहरात शिकून आल्यावर हसत असू. पुढे मीच वाचले की, मिठातील क्लोरिन हे माडाचे खरोखरीचे अन्न आहे. आज आपण नारळ सोडणासकट व्यापाऱ्याला देतो. सोडण पालाशाने समृद्ध असते. सबब वाडीतला पालाश ट्रकात बसून दरवर्षी मुंबईला जातो, आणि उरलेल्या झावळ्या आपण जाळतो. वाटेकरी शहरात गेले, पाठोपाठ पालाशही गेला. वहिनी उपाशी म्हणाल्या त्या याच अर्थाने.

झावळ्या जाळण्याचा तोटा दुहेरी आहे. जाळल्याने पालाश राखेत राहतो खरा, पण पहिल्याच मोठ्या सरीत वाहून जातो. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरांच्या वर पाऊस. नत्र तर धुरातूनच निघून जाते. त्याहून मोठी हानी सूक्ष्मजंतूंची. त्यांतील बहुतेकांचे अन्न म्हणजे कुजणारा पालापाचोळा. आणि मायकोरायझाची बुरशी सोडली तर इतरांना मुळातून झिरपणाऱ्या रसावरच सारे भागविता येत नाही. अन्नच जाळले तर पाकिटातून आणलेले पाहुणे टिकणार किती दिवस?

येथे आपल्याच कोकणातल्या दोन तेलझाडांची आठवण होते. उंडी आणि करंज यांच्या कडू तेलावर एके काळी घरोघरचे दिवे जळत. यांपैकी करंज हे शिंबावर्गीय झाड असल्याने आपल्या मुळांच्या गाठींत नत्र बांधणारे जीवाणू स्वतःच बाळगते. त्याची पेंड आणखी एका दृष्टीने नामी आहे. जमिनीत सारेच जंतू आपल्या सोयीचे काम करीत नाहीत. काही जंतू अमोनियाचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पावसाबरोबर झपाट्याने वाहून जाते. करंजाच्या पेंडीतील द्रव्ये या जंतूंचा वेग कमी करतात, त्यामुळे तिच्याबरोबर दिलेला युरिया अधिक काळ टिकतो. वाडीच्या गडग्याला चार करंज असतील तर ते सरपणासाठी तोडू नयेत, एवढे मी आग्रहाने सांगेन.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही नव्याने आरंभ केला. प्रत्येक माडाभोवती सुमारे सहा फूट त्रिज्येचे आळे केले. मृगाच्या पावसावर त्यात चवळी पेरली. चवळीच्या मुळांवर गाठी येतात आणि त्या गाठींत रायझोबियमचे जीवाणू असतात. गणपतीला आलेल्या मुलांना मी एक रोप उपटून दाखविले आणि गाठ नखाने फोडली. आत ती गुलाबी असते. गुलाबी असली म्हणजे कामावर आहे असे समजावे. मुलांनी त्या दिवशी निम्मी चवळी उपटली, हा भाग निराळा. उरलेली फुलावर येताच आळ्यातच गाडली. चांगली उगवली तर एका आळ्यात पंधरा-वीस किलो हिरवा पाला होतो. त्याखेरीज गडग्यावर गिरिपुष्प लावले, झावळ्यांचे तुकडे करून आळ्यात पसरले, आणि घरी फोडलेल्या नारळांची सोडणे माडांच्या रांगांमध्ये चर खणून, खोलगट बाजू वर करून पुरली. ती स्पंजासारखी पाणी धरून ठेवतात. जंतूंना अन्नाइतकाच ओलावाही हवा.

पाकिटे या वेळीही आणली, पण शहाणपणाने. त्यांचा कायदा ठाऊक असावा. २००६ मध्ये जीवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅमला निदान पाच कोटी जिवंत जीवाणू असावे लागतात. द्रवरूप असेल तर दर मिलिलिटरला दहा कोटी. उत्पादनाची तारीख, वापरण्याची मुदत आणि गट क्रमांक पाकिटावर छापलेला हवा. मुदत उलटलेले पाकीट फुकट मिळाले तरी घेऊ नये, आणि दुकानात ते उन्हाच्या काचेत मांडलेले दिसले तर मुदत न पाहताच परत फिरावे. आम्ही ती चाळलेल्या ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवली आणि मग आळ्यात दिली. रासायनिक खताचा हप्ता त्यानंतर चार आठवड्यांनी. तो बंद केला नाही. पालाश तर मुळीच कमी केला नाही. स्फुरद मात्र माती तपासून घेऊन कमी केले, कारण स्फुरदाची रेलचेल झाली की झाड त्या बुरशीला पोसण्याचे सोडून देते. पोटभर जेवलेला यजमान मक्तेदाराला विचारीत नाही.

एक भेद मात्र लक्षात ठेवावा. पन्नास वर्षांच्या माडाच्या मुळांपाशी हे जंतू आधीच वस्ती करून असतात. तेथे पाकिटाहून पालापाचोळ्याचे मोल अधिक. पाकिटाचे खरे स्थान रोपवाटिकेत. रोपाच्या कोवळ्या मुळांना चांगला शेजारी पहिल्यापासून लाभला तर ते जोमाने वाढते. कासरगोडच्या संस्थेने माडाच्या रोपांसाठी 'केरा प्रोबायो' हे बॅसिलस मेगाटेरियमचे आणि 'केरअॅम' हे मायकोरायझाचे अशी दोन द्रव्ये तयार केली आहेत, ती याच विचाराने. मायकोरायझाची बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. म्हणून ती नाचणी, मका अशा पिकांच्या मुळांवर कुंडीत वाढवून ती माती व मुळेच विरजण म्हणून वापरतात. हे घरच्या घरीही करता येते, आणि दुधाचे विरजण सांभाळणाऱ्या आपल्या भगिनींना ते पुरुषांपेक्षा चांगले जमते, असे मी अनुभवाने सांगतो.

आता फळाविषयी. माझे एक चुलतबंधू, जे पेढीत हिशेबतपासनीस होते आणि वाडी विकावी या पक्षाचे प्रमुख होते, त्यांनी आरंभीच एक अट घातली. "सगळ्याच माडांना हे घातलेत, तर फरक कशाने पडला हे ठरवणार कसे? एक रांग जुन्याच पद्धतीने ठेवा." शास्त्रशिक्षक असूनही हे मला सुचले नव्हते, याची मला लाज वाटली. त्याप्रमाणे चौऱ्याऐंशी माडांपैकी बारा माडांची एक रांग बाजूला ठेवली आणि तिच्या बुंध्यांना चुन्याचा पट्टा ओढला. वहिनींना त्या बारा माडांची फार दया येते. परंतु त्यांनी अद्याप त्यांच्या आळ्यात चोरून शेण घातलेले नाही, असे त्या शपथेवर सांगतात.

तीन पावसाळे झाले. उपचार केलेल्या आळ्यांची माती काळसर, भुसभुशीत झाली आहे. कुदळ मारली की गांडुळे दिसतात, आणि मार्चमध्येही पाल्याखाली हात घातला तर गारवा लागतो. पट्ट्याच्या रांगेत तसे नाही. नवी पाने अधिक हिरवी दिसतात असे मला वाटते, पण मला तसे वाटावयास हवेच आहे, तेव्हा या साक्षीस फारसा अर्थ नाही. फळे वाढली काय, हे मी आज सांगणार नाही. माडाची पोय आतल्या आत अंकुरल्यापासून ती बाहेर फुटेपर्यंत सुमारे ३२ महिने लागतात, आणि फुटल्यापासून नारळ पक्व होईपर्यंत आणखी १२. एकूण ४४ महिने. आज आपण जे नारळ उतरवितो, त्यांची पोय पावणेचार वर्षांपूर्वीच्या अन्नावर अंकुरलेली असते. एका हंगामात दुप्पट फळ देण्याची हमी देणारा मनुष्य माडाला ओळखत नाही, आणि एका हंगामात निराश होऊन वाडी विकणाराही ओळखत नाही. जून २०२३ पासून ४४ महिने मोजले म्हणजे फेब्रुवारी २०२७ येतो. विक्रीचा विषय तोवर काढावयाचा नाही, असे आम्हा सर्व वाटेकऱ्यांत ठरले आहे. हिशेबतपासनीस बंधूंनी तो महिना आपल्या वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवला आहे.

तोपर्यंत पाडेली दोन्ही प्रकारच्या माडांचे नारळ निराळ्या ढिगांत टाकतो आणि वहिनी प्रत्येक पाडणीचे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरावर टिपतात. ती कॅलेंडराची पाने आणि दोन्ही रांगांच्या आळ्यांतील मूठ-मूठ माती मी आज बरोबर आणली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी चहाच्या वेळी व्यासपीठाजवळ यावे.